सगुणमास्तरांची आंगवण

तेरेखोलची पहिली फेरीबोट केरीच्या धक्क्याला लागण्याआधीच सगुणमास्तर केरकरांचा साधेपणा पूर्ण तयार होऊन उभा होता. खादीचा कुडता नवा होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. खांद्यावरची झोळी मुद्दाम जुनी दिसेल अशी निवडलेली होती. पायांत म्हापशाहून आणलेले, हिरव्या तळव्यांचे धावायचे बूट होते. मागे रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवली होती, कारण आतला एसी बंद केला तर फराळाचे डबे आंबतील अशी मास्तरांच्या मुलाला, रुद्रेशला भीती. गाडीत तीन गाद्या होत्या, बाटलीबंद पाण्याची दोन खोकी होती, गुडघ्याला लावायची दोन मलमे होती आणि स्टिअरिंगवर मास्तरांची सून विनिता होती.

"बाबा, चेहरा जरा शांत ठेवा," रुद्रेश म्हणाला. "यात्रेला निघालाय, शाळा तपासायला नव्हे."

मास्तरांनी चेहरा शांत केला. चौतीस वर्षे मराठी शाळेत हेडमास्तर राहिलेल्या माणसाला तो तसा करायला थोडा वेळ लागला.

नदीपलीकडे आपल्याला एक आते आहे, हे रुद्रेशला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जिल्हा पंचायतीची निवडणूक तोंडावर आली तेव्हा आठवले. मतदारसंघात ख्रिस्ती वाडे किती, त्यांची मते किती, हे तो एका रात्री मोबाइलवर बघत बसला होता आणि बघता बघता त्याला रक्ताची ओढ लागली. प्रभावती आते दरवर्षी डिसेंबरच्या फेस्ताआधी, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे तिथल्या संताच्या, नोवेनाच्या नऊ दिवसांत, तेरेखोलच्या लोकांबरोबर चालत जुन्या गोव्याला जाते, ही बातमी त्याला गोकुळदासने दिली. गोकुळदास पेडण्यातला बातमीदार. बातमी नसेल तिथे तो ती आणून ठेवायचा.

"एक घर, दोन वाटा," गोकुळदासने मथळासुद्धा सांगून टाकला होता. "भाऊ हिंदू, बहीण ख्रिस्ती, चाळीस वर्सांनी एकत्र. पुढे उमेदवार भाचा."

"तिकीट अजून मिळूचा आसा," विनिताने आठवण करून दिली होती. ती सुर्ल्याची. खाणीच्या ट्रकांच्या रांगेत वाढलेली मुलगी. कोणाचा ट्रक रिकामा आणि कोणाचा भरलेला, हे तिला आवाजावरून कळायचे.

फेरीबोट लागली. पुढे एक हातभर उंचीचा लाकडी क्रूस, मागे चौदा माणसे. सगळ्यांच्या शेवटी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई. सुती लुगडे गुडघ्यापर्यंत वर खोचलेले, पाय अनवाणी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारे चार उंडे पाव. मास्तरांनी बहिणीला चाळीस वर्षांत इतक्या जवळून पाहिले नव्हते. फेरी पाच मिनिटांची आणि चालत्या माणसाला फुकट होती, पण मास्तर तिच्यावर कधी चढले नव्हते. ते एकदाच नदीपर्यंत आले होते. पंच्याऐंशी साली प्रभावतीने तेरेखोलच्या आग्नेलशी चर्चमध्ये लग्न लावले तेव्हा मास्तरांनी ह्याच धक्क्याशेजारी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तिच्या नावाने तीळपाणी सोडले होते. "ती आमच्यासाठी मेली," असे गावाला सांगितले होते. पलीकडच्या काठावर त्या वेळी मेलेली बाई धुणे वाळत घालत होती, हे अनेकांनी पाहिले. मास्तर डोळे मिटून होते.

रुद्रेश पुढे धावला आणि आत्येच्या पायांशी वाकला. गोकुळदासने फोटो घेतला. "परत एकदा," तो म्हणाला, "क्रूस आला नाही." रुद्रेश पुन्हा वाकला. तिसऱ्यांदा वाकला तेव्हा प्रभावतीने खाली बघितले.

"काय शोधतंस रे थंय?" तिने विचारले.

तेरेखोलकर हसले. मग ती भावाकडे वळली. चाळीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य काय असेल ह्याचा मास्तरांनी आठवडाभर विचार केला होता. ती रडेल असे त्यांना वाटले होते. रडली तर डोक्यावर हात ठेवायचा, असेही ठरले होते.

"दादा, बूट नवे दिसतत," प्रभावती म्हणाली. "टाच सोलतली." आणि क्रूसाच्या मागे चालू लागली.

हरमलपर्यंत मास्तर ताठ चालले. रुद्रेशचे चालणे वेगळ्या पद्धतीचे होते. वस्ती आली की तो गाडीतून उतरायचा, हात जोडत दोनशे पावले चालायचा आणि वस्ती संपली की पुन्हा गाडीत. मास्तरांना मात्र गाडीत बसणे कमीपणाचे वाटले. शाळेत ते एकही दिवस उशिरा गेले नव्हते. ही यात्रा खोटी असली तरी हजेरी खरी लागली पाहिजे.

शिवाय त्यांना ऐकायला माणसे मिळाली होती. लुर्दिन नावाची एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई त्यांच्या बरोबरीने चालत होती. तिला त्यांनी साध्या राहणीचे महत्त्व सांगितले. मनुष्याच्या गरजा किती अल्प असतात, हे त्यांनी पालयेपासून हरमलपर्यंत विस्ताराने मांडले.

"व्हय मास्तर," लुर्दिन म्हणाली. "तुमची ती गाडी मागसून येता, तिचो हॉर्न जरा हळू वाजवूक सांगा. आमी तेर्स म्हणतांव."

मागून जपमाळेचा ठेका पुन्हा सुरू झाला. रोज सकाळी पाववाल्या पदेराचा उंडा चहात बुडवताना मास्तरांना कधी धर्म आड आला नव्हता, पण त्या ठेक्यात आपला पाय आपोआप पडतो आहे हे लक्षात आले तेव्हा त्यांनी तो मुद्दाम चुकवला. मांद्र्याला पोचेपर्यंत टाच सोलली होती.

चोपड्याला, शिवोलीच्या पुलाच्या अलीकडे, माणसे आंब्याच्या सावलीत बसली. विनिताने गाडीतून डबे काढले. प्रभावतीने उंडे मोडून वाटले, तिखट लोणचे काढले आणि एक तुकडा न विचारता मास्तरांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी खाल्ला. भूक लागली होती.

हीच वेळ गोकुळदासने मुलाखतीसाठी ठरवली होती. रुद्रेश आत्येच्या शेजारी जमिनीवर बसला. खाली विनिताची ओढणी अंथरून. मोबाइल स्टँडवर लागला.

"आते," रुद्रेशने भाषणाच्या आवाजात सुरुवात केली, "तुम्ही इतकी वर्षे, ऊनपावसाची पर्वा न करता, ही पदयात्रा करता. ही श्रद्धा, हा साधेपणा आजच्या पिढीने शिकण्यासारखा आहे. आमच्या प्रेक्षकांना सांगा, ही यात्रा तुम्ही कोणासाठी करता?"

प्रभावतीने तोंडातला घास संपवला.

"ह्याच्यासाठी," ती म्हणाली आणि लोणच्याच्या बोटाने सगुणमास्तरांकडे दाखवले.

"म्हणजे कुटुंबासाठी," रुद्रेशने सावरून घेतले.

"कुटुंबासाठी नाय. ह्याच्यासाठी. दादाक सातव्या वर्सा टायफॉड जाल्लो. एकवीस दीस ताप. पाय गेल्ले. तेवा आवशीन सायबाक आंगवण केल्यान, माज्या झिलाक पायार उबो कर, तो तुज्याकडे स्वताच्या पायांनी चलत येतलो."

मास्तरांच्या हातातला उंडा तसाच राहिला. "चूक," ते म्हणाले. शाळेतला शब्द आधी बाहेर आला. "नवस केरीच्या आजोबाला, आपल्या ग्रामदेवाला होता. मी दरवर्षी नारळ देतो."

"आजोबाकय सांगला होता. सायबाकय सांगला होता. पेडण्याच्या दोतोराकय सांगला होता. आवय होती ती, दादा. जो कोण आयकात तेका सांगल्यान."

"मग मला कधी बोलली का नाही?"

"तुका?" प्रभावती पहिल्यांदा हसली. "तू सोळाव्या वर्सापासून भाषणा करूक लागलंस. तुका कोण सांगतलो? ती स्वता चलूक लागली. झील येयसर मी येतंय, म्हणान सायबाक सांगल्यान. तेरेखोलच्या लोकांबरोबर. तुमका सांगायची, माहेराक जातंय."

मास्तरांना पाळी गाव आठवला. आईचे माहेर डिचोलीत, पाळीला. मार्गशीर्षात, कधी त्याच्या अलीकडे, आई पाच दिवस माहेरी जायची. परत यायची ती पायांना तांबडी माती घेऊन, आणि पदराच्या गाठीत खाजे. पाळी खाणींचा गाव, तिथली माती तांबडी, म्हणून कोणी कधी विचारले नाही. खाजे पाळीच्या जत्रेतले, असे ती सांगायची. पाळीत त्या दिवसांत जत्रा नसते, हे हेडमास्तर झालेल्या माणसाला आज, एकोणसत्तराव्या वर्षी, आंब्याखाली बसून सुचले. सायबाच्या फेस्तातले खाजे त्यांनी किती वर्षे खाल्ले होते! आल्याचा तो तिखटगोड स्वाद जिभेवर आला आणि त्यांना राग आला.

"जुन्या गोंयासून बस धरून ती पाळी जायची," प्रभावती सांगत होती. "दोन दीस भावाकडे रवायची, म्हणजे तोंडाक खोटा नको. मी सतरा वर्सांचा होतंय तेवा माका बरोबर घेतल्यान. तिचे पाय दुखूक लागल्ले. तेवा ह्यो पूल नव्हतो, हंय फेरी होती. फेरीतसून उतरताना आवय घसारली, क्रूस धरलेल्या चेड्यान क्रूस दुसऱ्याक दिल्यान आणि तिका धरल्यान. तो आग्नेल."

पुलावरून गाड्या जात होत्या. गोकुळदासच्या तोंडावर, म्हाताऱ्या बहिणीच्या कथेऐवजी खजिना सापडल्यासारखा भाव होता.

"म्हणजे," विनिता हळूच म्हणाली, "बाबांचा टायफॉइड नसता तर आत्येंचं लग्नच झालं नसतं."

मास्तरांनी सुनेकडे असे बघितले की दुसरी कोणी असती तर तिने डबे आवरायला घेतले असते. विनिता बघत राहिली.

संध्याकाळी शिवोलीत, ज्या हॉलात यात्रेकरूंची झोपायची सोय होती, त्याच्या पायऱ्यांवर केरकर कुटुंबाची सभा भरली. रुद्रेश आधी खूश होता. "बाबा, हे सोनं आहे! सायबाच्या कृपेने वाचलेला बाप. तेरेखोल ते मोरजी एकसुद्धा ख्रिस्ती मत बाहेर जाणार नाही." मग त्याने दोन फोन केले आणि त्याचा चेहरा बदलला. "पण केरीत, पालयेत हे चालणार नाही. आजोबाला सोडून सायबाकडे गेले, असं म्हणतील. गोकुळदास, ते शेवटचं काढ. आजोबा ठेव, सायब ठेव, टायफॉइड काढ."

"टायफॉइड काढल्यार काय उरता?" गोकुळदासने विचारले.

"एकोपा," रुद्रेश म्हणाला.

"आईने काय केलं, ते तू ठरवणार?" मास्तर म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"बाबा, तुम्हीच चाळीस वर्षं ठरवलंत की," विनिता म्हणाली. ती पायरीवरून उठली, गाडीतली एक गादी काढली आणि आत प्रभावतीच्या शेजारी नेऊन टाकली. प्रभावतीने ती गादी लुर्दिनला दिली, लुर्दिनने एका आजारी बाईला दिली, आणि विनिता चटईवर निजली. रुद्रेश शिवोलीतल्या हॉटेलात गेला. मास्तरांनी त्याच्याबरोबर यायला नकार दिला. तो साधेपणा नव्हता, राग होता. आणि राग नेमका कोणावर, हे चटईवर पडल्यापडल्या त्यांना ठरवता येईना. आईवर धरावा तर ती नव्हती. बहिणीवर धरावा तर तो त्यांनी आधीच चाळीस वर्षे धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी म्हापशावरून पर्वरीपर्यंतच्या वाटेत ते प्रभावतीच्या दोन पावले मागे चालले. गिरीच्या बाजूला, रस्त्याकडेचे धुळकट काजू संपतात तिथे त्यांनी शेवटी विचारले, "आई गेल्यावर तू का चालू ठेवलंस? ख्रिस्ती झालीस म्हणून?"

"ख्रिस्तांव जालंय आग्नेलासाठी. चलतंय आवशीसाठी," ती न थांबता म्हणाली. "मरताना माका बोलवल्यान. तू बाहेर लोट्यार बसलेलंस, माका मागच्या दारान आणल्यानी. म्हणाली, सगुण येवचो नाय, तू जा. आंगवण उरता नये."

"मी तिथेच होतो?"

"थंयच होतंस. पेपर वाचतालंस."

मास्तरांनी मनातल्या मनात एक उत्तर तयार करायला घेतले. माफीचे, तीन मुद्द्यांचे, शुद्ध मराठीत. परिस्थिती, काळ आणि गैरसमज. पर्वरीपर्यंत त्यांचे दोन मुद्दे झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पर्वरीला चहा चालला असताना रुद्रेशचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला. परत आला तो कुडत्याची वरची बटणे उघडत. तिकीट दुसऱ्या कोणाला गेले होते. कोणाला ते त्याने सांगितले नाही, पण ज्या शब्दांत सांगितले नाही त्यावरून माणूस जवळचा होता. गोकुळदासने स्टँडची घडी केली. त्याला दुसरीकडे बातमी होती.

"चला," रुद्रेश म्हणाला. "बाबा, गाडीत बसा. संपली यात्रा."

"अजून पणजी, रायबंदर, मग जुनं गोवं," विनिता म्हणाली. "चौदा किलोमीटर."

"कशासाठी आता?"

विनिताने गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "तू जा. मी आत्येंबरोबर येते." आणि ती चहाचा पेला परत द्यायला टपरीकडे गेली, जणू नवऱ्याला बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितली होती.

सगुणमास्तर गाडीत बसले. हे सांगायलाच हवे, कारण पुढे केरीत ही गोष्ट सांगताना ते एवढा भाग नेहमी गाळत. टाच सोललेली होती, गुडघा सुजला होता, सीट मऊ होती. प्रभावती क्रूसाच्या मागे चालू लागलेली त्यांनी काचेतून पाहिली. तिने वळून बघितले नाही. गाडी म्हापशाच्या दिशेने वळली. एसीची हवा घामावर लागली आणि त्यांना सुटल्यासारखे वाटले.

रुद्रेश एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होता. "नाही रे, त्यांची मतं आपल्याला तशीही पडली नसती. तीन दिवस फुकट घालवले त्या म्हातारीपायी. नाही नाही, परत कसली ओळख? ती आमच्यासाठी मेली."

मास्तरांनी मुलाकडे बघितले. आवाज त्यांचाच होता. तोच ठाम, शेवटच्या शब्दावर दाब देणारा, वर्गात घुमणारा आवाज. फक्त ह्या आवाजाला नदीत उतरून तीळ सोडण्याचेही कष्ट पडले नव्हते. वळणावर ब्रेक दाबता दाबता माणूस मेला.

"थांबव," मास्तर म्हणाले.

"काय झालं? उलटी येते?"

"गाडी मागे घे. जिथे चढलो तिथे सोड."

"पुढे पणजीत सोडतो ना, पूल ओलांडून. त्या लोकांना गाठाल तरी."

"जिथे चढलो तिथे." मास्तरांनी दार उघडायला घेतले, म्हणून रुद्रेशला गाडी वळवावी लागली. वाटेत तो बापाला बरेच काही बोलला. चहाच्या टपरीपाशी मास्तर उतरले, बूट काढले, सीटखाली सरकवले आणि दार लावून घेतले.

मग ते एकटे चालले. तेरेखोलची माणसे तासभर पुढे गेली होती. उतारावर डांबर तापायला लागले होते. मांडवीच्या पुलावर खाली नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या होत्या, दिवसाढवळ्या दिवे लावून. पुलावर एका तरुण जोडप्याने मास्तरांना भिकारी समजून बाजूने वाट काढली; मास्तरांनी त्यांना थांबवून आपण कोण ते सांगायला तोंड उघडले आणि मग मिटले. काय सांगायचे होते? निवृत्त मुख्याध्यापक, वक्ते, साध्या राहणीचे पुरस्कर्ते. पायाखालचा खडा सांगत होता तेवढेच खरे होते. पणजीत त्यांनी एका नळावर पाणी प्यायले. रायबंदरच्या लांब, सरळ रस्त्यावर, डाव्या हाताला नदी आणि उजव्या हाताला मिठागरांचे पाणी, ते तीनदा बसले आणि चौथ्यांदा बसले तेव्हा आता उठता येणार नाही असे त्यांना वाटले. सातव्या वर्षीचा ताप त्यांना आठवत नव्हता, पण उशाशी बसून कोणीतरी तळपाय चोळत होते, तेवढे मात्र अचानक आठवले. तळपाय, सारखे तळपाय. आणि न समजणारी पुटपुट. ते उठले.

रस्ता संपतो तिथे कठड्यावर विनिता बसली होती.

"आत्येंनी सांगितलं थांबायला?" मास्तरांनी विचारले.

"नाही," विनिता म्हणाली. "त्या म्हणाल्या, येवचो नाय. मी म्हटलं, बघते."

जुन्या गोव्यात फेस्ताआधीची गर्दी होती. मेणबत्त्या, खेळणी, खाज्यांच्या राशी. रांगेत प्रभावती पुढे होती. तिने भावाचे पाय बघितले, चेहऱ्याकडे नंतर बघितले आणि काही न बोलता रांगेतली जागा थोडी रुंद केली. तिघे आत गेले. उंचावर सायबाच्या शवाची चांदीची पेटी होती. लोक हात वर करून, फुले लावून, डोळे पुसून पुढे सरकत होते. मास्तरांना इथे काय म्हणायचे ते माहीत नव्हते. संस्कृतात काही सुचले, ते अप्रस्तुत वाटले. शेवटी त्यांनी हात जोडले आणि शाळेत हजेरीला देतात तसे, हळू आवाजात म्हटले, "सगुण केरकर. हजर." मागच्या बाईने धक्का दिला आणि ते पुढे सरकले.

बाहेर हिरवळीवर प्रभावती पाय पसरून बसली. तळव्यांतले खडे काढू लागली. मास्तर समोर उभे राहिले. माफीचे तीनही मुद्दे आता तयार होते.

"प्रभा," त्यांनी सुरुवात केली, "त्या काळची सामाजिक परिस्थिती लक्षात घेता—"

"बस, दादा. उबो रवलंस तर परत पडशीत." ते बसले. तिने त्यांचे पाय एकदा बघितले, आपले बघितले. "जाली आंगवण. आवय सुटली. मीय सुटलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे फुडल्या वर्सा मी येवचंय नाय. माजे गुडघेय दुखतत. चाळीस-बेचाळीस वर्सां तुज्या पायांनी चलत होतंय, कंटाळलंय. आता चलतलंय ती घरातसून दारातल्या बाल्कांवापर्यंत." ती राग नसलेल्या आवाजात बोलत होती, आणि म्हणून मास्तरांना ते अधिक लागले. "तुजा नि माजा एवढाच उरलेला होता, दादा. तां आज तू फेडलंस. बरां केलंस."

मास्तर बसून राहिले. त्यांना वाटले होते की चालून पोचल्यावर काहीतरी सुरू होईल. परीक्षा पास झाल्यावर पुढचा वर्ग मिळतो, ह्या हिशोबाने ते आले होते. इथे उलट झाले होते. शाळाच सुटली होती. चाळीस वर्षे मेलेली बहीण दरवर्षी त्यांच्या नावाने चालत होती तेव्हा ती त्यांची होती, आणि आता जिवंत, समोर बसलेली, कोणाची नव्हती. ती खाज्यांच्या दुकानांकडे बघत होती, कुठले ताजे आहे ते लांबून ओळखायच्या प्रयत्नात.

ते मुद्दे, ती सामाजिक परिस्थिती, सगळे डोक्यातून गेले. आणि शाळेत शिरल्यापासून जी बोली त्यांनी जिभेवर येऊ दिली नव्हती ती आपसूक आली.

"मी फुडल्या वर्सा इलंय तर?" सगुणमास्तरांनी विचारले. "एकटो?"

प्रभावतीने मान वळवली. मग कापडी पिशवी काखेत मारली, विनिताच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि लुगडे झटकले.

"रस्तो सरकारचो आसा," ती म्हणाली. "कोणय चलूक शकता."